जुना स्केट टीशर्ट घेण्याआधी: तारखा, टॅग आणि शिलाई वाचायला शिका

स्टुसी, सुप्रीम, थ्रॅशर, बेप ही नावं आता पुण्या-मुंबईतल्या कॉलेजच्या पोरांच्या तोंडी सहज असतात. यातल्या बहुतेकांनी त्या ब्रँडचा अस्सल जुना कपडा कधी हातात घेतलेला नसतो, आणि त्यात त्यांचा दोष नाही. आता ऑनलाइन मिळतो, अमेरिकेतली बहीण आणून देते, कुणी जपान फिरायला गेलं की तिथल्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून उचलून आणतं. मग 'नाइन्टीजचा ओरिजिनल' म्हणून चांगले पैसे मोजून घेतलेला टीशर्ट दोन वर्षांपूर्वी छापलेला निघतो.

मी कॅलिफोर्नियात नोकरीला असताना या नादाला लागलो. हे लिहितोय ते अगदी नव्या माणसासाठी, ज्याला १९८०-९० च्या दशकांतले स्केट ब्रँडचे टीशर्ट जमवायचे आहेत पण टोक कुठून धरायचं ते कळत नाही. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: लोगो सगळ्यात शेवटी बघायचा. लोगो छापायला एक संगणक आणि छपाईची एक जाळी (स्क्रीन) पुरते. शिलाई, टॅग आणि कापडाचं वय यांची नक्कल करायला जास्त खटपट लागते. आणि कंपनीच्या इतिहासातल्या तारखा तर कुठल्याही भामट्याला बदलता येत नाहीत.

१. एकच ब्रँड, एकच काळ निवडा

सगळंच आवडतं म्हणून सगळंच घ्यायला गेलात तर कशातच नजर तयार होत नाही. या दुनियेत ढोबळमानाने पाच घराणी आहेत.

पहिलं स्केटबोर्ड बनवणाऱ्या कंपन्यांचं: सांताक्रूझ (१९७३), पॉवेल-पेराल्टा (१९७८), व्हिजन, वर्ल्ड इंडस्ट्रीज (१९८७). यांचा टीशर्ट म्हणजे मुळात बोर्डची जाहिरात. दुसरं मासिकाचं, म्हणजे थ्रॅशर, जानेवारी १९८१, सॅन फ्रान्सिस्को. तिसरं सर्फिंगमधून आलेलं, त्यात स्टुसी एकटाच पुरेसा आहे. चौथं दुकानांभोवती वाढलेलं: न्यूयॉर्कमध्ये युनियन आणि सुप्रीम, लॉस एंजेलिसमध्ये एक्स-लार्ज. पाचवं टोकियोच्या हाराजुकूमधलं: गुडइनफ, बेप आणि त्यांची मित्रमंडळी.

नवख्या माणसाला माझा सल्ला: स्टुसी किंवा सांताक्रूझ-थ्रॅशरपासून सुरुवात करा. माल भरपूर निघालेला आहे, त्यामुळे तुलना करायला नमुने मिळतात आणि एखादी फसगत झाली तरी खिसा रिकामा होत नाही. सुप्रीमच्या लाल चौकटीच्या टीशर्टला, ज्याला जमवणारे 'बोगो' म्हणतात, पहिल्या वर्षी हात लावू नका. सगळ्यात जास्त नक्कल त्याचीच होते आणि सगळ्यात जास्त किंमतही त्याचीच मागतात.

बुटांपासूनही सुरुवात नको, निदान आपल्याकडे तरी. जुन्या स्नीकर्सच्या तळव्यातलं पॉलियुरेथेन हवेतल्या दमटपणाने आतून कुजतं. डब्यात ठेवलेले, कधी न घातलेले, चकचकीत बूट एक दिवस पायात घालून चार पावलं टाकली की तळवा खाली भुसा होऊन पडतो. मुंबई-कोकणच्या हवेत हे लवकर होतं.

२. तारखा पाठ करा

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण निम्मी फसवणूक इथेच पकडली जाते. एकदा एका विक्रेत्याने मला 'सुप्रीम, १९९१' असा टीशर्ट दाखवला होता. सुप्रीमचं दुकान एप्रिल १९९४ मध्ये उघडलं. पुढे काही बघायची गरजच उरली नाही.

स्टुसी. शॉन स्टुसी हा कॅलिफोर्नियात लगूना बीचला सर्फबोर्ड घडवायचा आणि तयार बोर्डवर मार्करने आपलं आडनाव खरडायचा. त्या सहीच्या वळणावर त्याच्या चित्रकार काकांच्या, यान स्टुसी यांच्या, सहीची छाप होती. तीच सही १९८० च्या सुमारास टीशर्टवर आली. १९८४ मध्ये फ्रँक सिनात्रा हा त्याचा मित्र भागीदार झाला. हा हिशेब बघणारा माणूस, गायक सिनात्राशी याचा काही संबंध नाही. एकमेकांत अडकवलेले दोन 'एस' हा शनेलच्या चिन्हाला मारलेला टोमणा होता. १९८० च्या दशकाच्या शेवटी लंडन, न्यूयॉर्क, टोकियोतल्या दोस्तांची 'इंटरनॅशनल स्टुसी ट्राइब' तयार झाली. डीजे, दुकानदार, स्केटर असे लोक त्यात होते, आणि नाव विणलेली जॅकेटं त्यांना मिळत. ती जॅकेटं आज हातात पडणं फार कठीण. टोकियोचा हिरोशी फुजिवारा यातलाच. १९९६ मध्ये शॉन कंपनीतून बाहेर पडला आणि कंपनी सिनात्राकडे राहिली.

जमवणाऱ्यांच्या बोलण्यात १९९६ ही सीमारेषा सतत येते. 'शॉनच्या काळातला' म्हटलं की भाव चढतो. इथेच सापळा आहे. शॉन गेला तरी त्याची अक्षरं कंपनीकडे राहिली आणि त्याच सहीचे, त्याच जुन्या चित्रांचे टीशर्ट कंपनी आजही काढते. ते अस्सलच असतात, फक्त जुने नसतात. सहीवरून काळ ठरवू नका.

सुप्रीम. याचा संस्थापक जेम्स जेबिया इंग्लंडमध्ये वाढला. त्याने १९८९ मध्ये न्यूयॉर्कला 'युनियन' नावाचं दुकान काढलं, पुढे शॉनबरोबर स्टुसीचं तिथलं दुकान चालवलं, आणि मग १९९४ मध्ये मॅनहॅटनच्या लाफायेट स्ट्रीटवर २७४ क्रमांकाच्या जागेत सुप्रीम उघडलं. कपडे भिंतींना लावलेले आणि मधली जागा मोकळी, म्हणजे पोरांना पाठीवर सॅक घेऊन बोर्डवरूनच आत येता यावं. काउंटरवरची मंडळीही स्केटर, आणि गिऱ्हाइकाला फटकारण्यात पटाईत. माल थोडा मागवायचा, कारण उरलेला पडून राहायला नको. पुढे हीच सवय धंद्याची युक्ती झाली: दर गुरुवारी थोडा नवा माल, म्हणजे 'ड्रॉप', बाहेर रांग, आणि संध्याकाळपर्यंत तोच कपडा दुप्पट-तिप्पट किमतीला विक्रीला.

ती लाल चौकट आणि फ्युचुरा नावाच्या वळणाची तिरकी पांढरी अक्षरं अमेरिकी कलाकार बार्बरा क्रुगर यांच्या शैलीवरून उचललेली. २००० मध्ये सुप्रीमने लुई व्हितोंच्या नक्षीची नक्कल केलेले स्केटबोर्ड काढले, तेव्हा फ्रेंच कंपनीने वकिलाची नोटीस धाडून ते थांबवले. २०१७ मध्ये त्याच दोन कंपन्यांनी एकत्र येऊन कपडे काढले. या सगळ्या संस्कृतीचा जन्मच दुसऱ्याचं चिन्ह ढापून त्याची थट्टा करण्यात झाला आहे, हे लक्षात ठेवलं की नकली माल विकणाऱ्यांवर या कंपन्या दावे ठोकतात तेव्हा थोडं हसू येतं.

मालकीच्या तारखाही टिपून ठेवा: २०१७ मध्ये कार्लाइल या गुंतवणूक कंपनीने निम्मा हिस्सा घेतला, २०२० मध्ये व्हीएफ या अमेरिकी कपडे कंपनीने २१० कोटी डॉलरला सगळी कंपनी घेतली, २०२४ मध्ये रे-बॅनवाल्या एसिलोरलक्सोटिकाने १५० कोटींना. जुने लोक २०१७ च्या आधीचं आणि नंतरचं असा भेद करतात.

स्केट कंपन्या. इथे भांडणं फार मजेशीर आहेत. स्टीव्ह रोकोने १९८७ मध्ये वर्ल्ड इंडस्ट्रीज काढली आणि तोवर राज्य करणाऱ्या मोठ्या कंपन्यांची यथेच्छ टिंगल केली. मार्क गोन्झालेस आधी व्हिजनसाठी स्केट करायचा. १९८९ मध्ये रोकोच्या छत्राखाली त्याने स्वतःची कंपनी काढली आणि तिचं नाव ठेवलं 'ब्लाइंड'. व्हिजनवाल्यांना काय कळायचं ते कळलं असणार. वर्ल्ड, ब्लाइंड यांचे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचे टीशर्ट आज जोरात मागितले जातात.

उलट सांताक्रूझचा जिम फिलिप्सने १९८५ मध्ये काढलेला किंचाळणारा निळा हात किंवा पॉवेलच्या कवट्या हे सगळं आजही छापलं जातं. चित्राखाली '१९८५' असं लिहिलेलं असेल तर ते चित्राच्या हक्काचं वर्ष आहे, छपाईचं नव्हे. नव्या माणसाच्या हातून सगळ्यात जास्त पैसे इथे जातात.

थ्रॅशरचंही तेच. ज्वाळांचा लोगो २०१० च्या दशकात फॅशनवाल्यांनी डोक्यावर घेतला. रिहाना, जस्टिन बीबर यांनी तो घातला म्हणून संपादक जेक फेल्प्सने २०१६ मध्ये जाहीर चिडचिडही केली. तेव्हापासून नवे टीशर्ट इतके निघालेत की ज्वाळावाला जुना ओळखायला टॅगशिवाय इलाज नाही.

लॉस एंजेलिस. एक्स-लार्ज १९९१ मध्ये व्हर्मांट अव्हेन्यूवर उघडलं. बीस्टी बॉइज या रॅप बँडचा माइक डी त्यात पैसे घालणाऱ्यांपैकी. गोरिला हे त्यांचं चिन्ह, त्यामुळे नवखे लोक बेपच्या माकडाशी घोळ करतात. त्याच शहरातला एरिक ब्रुनेटीचा ब्रँड एफयूसीटी १९९० चा. त्याच्या नावाची नोंद करायला अमेरिकेच्या ट्रेडमार्क कार्यालयाने नकार दिला, कारण ते मोठ्याने वाचलं की शिवी होते. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं (ब्रँड नव्हे, खरंखुरं कोर्ट) आणि २०१९ मध्ये ब्रुनेटी जिंकला.

टोकियो. फुजिवाराने १९९० मध्ये गुडइनफ काढला. त्याच्या तालमीतले निगो आणि जुन ताकाहाशी यांनी १९९३ मध्ये हाराजुकूच्या मागच्या गल्लीत 'नोव्हेअर' हे दुकान उघडलं. तिथूनच निगोचा 'अ बेदिंग एप', म्हणजे बेप. २०११ मध्ये तो हाँगकाँगच्या आय.टी. या कंपनीला विकला गेला. सुरुवातीचा माल फार थोडा, आणि त्यावरचं टॅग वाचायला जपानी जाणकार लागतो.

३. टीशर्ट उलटा करून वाचा

आता प्रत्यक्ष कपडा हातात घ्या, किंवा निदान त्याचे जवळून काढलेले फोटो. पुढची क्रमवारी पाळा.

बाहीची कड. बाहीच्या आणि खालच्या घेराच्या कडेवर दोऱ्याची एकच ओळ दिसते की दोन समांतर? एक ओळ म्हणजे 'सिंगल स्टिच'. अमेरिकेत बनलेले बहुतेक टीशर्ट १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत असे शिवले जात, नंतर दोन ओळींची शिलाई सर्रास झाली. पण हा ठोस पुरावा धरू नका. आज मुद्दाम एकेरी शिलाईचे कोरे टीशर्ट बनवणारे कारखाने आहेत, आणि खऱ्या जुन्या कोऱ्या टीशर्टवर आज चित्र छापून विकणारेही आहेत. घेराची शिलाई दुहेरी आणि विक्रेता म्हणतोय '१९८८', तर मात्र थांबा.

देश. 'मेड इन यूएसए' हे जुन्यापैकी बहुतेकांवर असतं. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको यांचा व्यापार करार १९९४ मध्ये लागू झाला, त्यानंतर मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत शिवलेला माल वाढत गेला. 'कापड अमेरिकेचं, शिवण होंडुरासची' अशा अर्थाचं टॅग १९९० च्या दशकाच्या मध्यानंतरचं बहुधा.

धुण्याच्या सूचना. अमेरिकेत शब्दांशिवाय नुसती चिन्हं छापायची परवानगी १९९७ पासून मिळाली. टॅगवर फक्त बादली-इस्त्रीची चित्रं असतील आणि कपडा अमेरिकेतल्या विक्रीसाठी असेल, तर १९८९ चा दावा टिकत नाही.

आरएन क्रमांक. अमेरिकी टॅगवर 'आरएन' आणि पुढे आकडे दिसतील. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या संकेतस्थळावर तो टाकला की कंपनीचं नाव निघतं. लक्षात ठेवा: क्रमांक कंपनीचा असतो, त्या कपड्याच्या वर्षाचा नाही. आणि कोऱ्या टीशर्टवर चित्र छापलेलं असेल तर तो क्रमांक बऱ्याचदा कोरे टीशर्ट बनवणाऱ्या हेन्स किंवा फ्रूट ऑफ द लूमचा निघतो, स्केट कंपनीचा नाही. त्याने घाबरून जायचं कारण नाही, तेव्हा धंदा तसाच चालायचा.

टॅग नसलेली मान. मानेच्या आत थेट छापलेला मजकूर दिसला तर तो कोरा टीशर्ट साधारण २००२ नंतरचा धरा. हेन्सने त्या वर्षी टॅगविना टीशर्ट आणले, बाकीचे मागून आले.

टॅगचा दोरा. टॅग जुनं, वाळलेलं, कडा वळलेल्या, आणि ते शिवणारा दोरा मात्र पांढराशुभ्र, ताठ? कुणीतरी दुसऱ्या टीशर्टचं टॅग काढून इथे बसवलंय. मानपट्टीच्या शिवणीला लागून जुन्या सुईची रिकामी भोकं दिसतात का ते भिंगाने बघा.

छपाई. जुन्या जाड शाईला, प्लॅस्टिसोलला, भेगा पडतात. पण त्या अंगाच्या ताणाच्या दिशेने, छातीच्या मधोमध आणि घड्यांवर जास्त, काठाला कमी असतात. सगळीकडे सारख्या बारीक भेगा म्हणजे बहुधा मुद्दाम पाडलेल्या. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारून 'चमकलं म्हणजे नवं' असं सांगणारे भेटतील. त्यांच्यावर विसंबू नका, कारण हल्लीच्या कपडे धुण्याच्या पावडरमधल्या चकाकीच्या रसायनामुळे जुना टीशर्टही उजळ दिसतो.

आता काळ्या टीशर्टबद्दल, कारण इथे माल अस्सल असूनही पैसे बुडतात. जुना काळा रंग बऱ्याचदा गंधकाच्या जातीचा असे. वर्षानुवर्षं तो पडून राहिला की कापडात आम्ल तयार होतं आणि सुताचा जीव जातो. टीशर्ट दिसायला झकास असतो, रंग गडद, छपाई कोरी. काखेजवळचं कापड दोन्ही चिमटीत धरून अगदी हळू ताणा. चांगलं सूत ताणून परत येतं. मेलेलं सूत कागदासारखं चर्र वाजतं आणि फाटतं. दुकानात मालकाला विचारून हे करा. ऑनलाइन घेताना विक्रेत्याला ते करून त्याचा छोटा व्हिडिओ पाठवायला सांगा. टाळाटाळ करत असेल तर सोडून द्या. असा टीशर्ट पहिल्या धुण्यातच चिंध्या होतो, आणि त्यावर उपाय नाही.

४. हाताशी काय हवं

शिंप्याची मोजपट्टी, सोनार वापरतात तसं दहापट भिंग, चांगल्या प्रकाशाचा दिवा, आणि एक वही किंवा स्प्रेडशीट. मोजपट्टी सगळ्यात महत्त्वाची. जुने आकार आजच्यासारखे नसतात, धुऊन आटलेलेही असतात. म्हणून 'एल' की 'एक्सएल' ते विसरा. एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतची रुंदी आणि मानेपासून घेरापर्यंतची लांबी इंचात मागा, आणि आपल्या नेहमीच्या टीशर्टशी ताडून बघा.

५. कुठे शोधायचं

अमेरिकेत असाल तर गुडविल, साल्व्हेशन आर्मीसारखी दान केलेल्या कपड्यांची दुकानं. तिथे आता पुष्कळ जण मोबाइल हातात धरून फिरतात, त्यामुळे सकाळी लवकर जा. लॉस एंजेलिसजवळ पॅसाडेनाला रोझ बोलचा बाजार दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भरतो. तिथे भाव चढे असतात, पण हजारो जुने टीशर्ट हात लावून बघता येतात, आणि नजर तयार व्हायला तेवढं लागतंच. विकत काही न घेता नुसतं बघत फिरलं तरी चालतं, विक्रेते गप्पा मारतात.

जपानमध्ये टोकियोच्या शिमोकिताझावा आणि कोएन्जी भागांत जुन्या कपड्यांच्या दुकानांच्या रांगा आहेत. माल नीट धुतलेला, मापं लिहिलेली, वर्गवारी चोख. घरबसल्या घ्यायचं तर मर्कारी आणि याहू ऑक्शन्स या तिथल्या बाजारांवर बायी किंवा झेनमार्केटसारख्या मध्यस्थांकडून बोली लावता येते. ब्रँडचं नाव जपानी लिपीत टाकून शोधा, इंग्रजी शोधात न येणारा माल समोर येतो.

ईबे, ग्रेल्ड, डेपॉप हे नेहमीचे ऑनलाइन बाजार. एक युक्ती: स्टुसीच्या 'यू'वर दोन टिंबं असतात, ती बऱ्याच विक्रेत्यांना टाकता येत नाहीत. टिंबांसकट, टिंबांविना आणि चुकीच्या स्पेलिंगनेही शोधा.

भारतात रस्त्यावर जे दिसतं ते नक्कल आहे हे गृहीत धरा. कुलाब्यात किंवा फॅशन स्ट्रीटवर 'एक्सपोर्ट सरप्लस' म्हणून सुप्रीम विकलं जातं, त्या गोष्टीवर विश्वास ठेवू नका. शिवाय 'सुप्रीम इटालिया' नावाचा एक वेगळाच प्रकार आहे. न्यूयॉर्कच्या कंपनीशी काही संबंध नसताना दुसऱ्या देशांत नावाची नोंद करून तोच लोगो विकणारी मंडळी. २०१८ मध्ये सॅमसंगने चीनमध्ये यांच्याशीच भागीदारी जाहीर केली आणि बोभाटा झाल्यावर मागे घेतली. एवढी मोठी कंपनी गंडते, तर आपण कोण.

६. पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून काय मागायचं

पुढून-मागून पूर्ण फोटो, मानेच्या टॅगच्या दोन्ही बाजू, आतल्या शिवणीतलं टॅग असेल तर तेही, बाहीची आणि घेराची कड, छपाईचा जवळून फोटो, मापं. सोबत एका कागदावर आजची तारीख आणि विक्रेत्याचं नाव लिहून तो टीशर्टवर ठेवून काढलेला फोटो. दुसऱ्याचे फोटो उचलून विकणारे इथेच गळतात.

मग ते फोटो जाणकारांच्या गटात टाकून 'लेजिट चेक', म्हणजे खऱ्या-खोट्याची पारख, मागा. एकाच माणसाच्या मतावर जाऊ नका, आणि 'हो, खरा आहे' एवढंच म्हणणाऱ्यापेक्षा कारण सांगणाऱ्याचं ऐका.

किंमत ठरवताना मागितलेला भाव बघू नका, विकला गेलेला बघा. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या चाळता येतात. लिलावाच्या बातम्यांनी तर मुळीच हुरळू नका. २०१९ मध्ये सदबीज या लिलाव कंपनीने सुप्रीमच्या २४८ स्केटबोर्डांचा पूर्ण संच ८ लाख डॉलरला विकला, त्यानंतर बऱ्याच जणांना घरातला एकटादुकटा बोर्ड म्हणजे लॉटरी वाटू लागला. तो भाव संच पूर्ण होता म्हणून आला.

पैसे देताना, बाजाराच्या स्वतःच्या व्यवस्थेतूनच द्या. 'बाहेरून पाठव, कमिशन वाचेल' किंवा पेपालवर 'फ्रेंड्स अँड फॅमिली' म्हणून पाठव, असं कुणी सुचवलं की तिथेच संपवा. त्या मार्गाने गेलेल्या पैशावर तक्रार करता येत नाही.

७. भारतात मागवत असाल तर

इथे बरेच जण अडकतात. भारतात वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवर निर्बंध आहेत. ते मुख्यतः गाठोड्यांच्या धंद्यासाठी असले तरी एका टीशर्टचं पाकीटही कस्टममध्ये अडू शकतं. अडलं की पत्रव्यवहार सुरू होतो, आणि विक्रेता बहुतेक वेळा हात झटकतो. त्यामुळे सगळ्यात सरळ रस्ता म्हणजे परदेशातल्या नातेवाइकाच्या पत्त्यावर मागवा आणि ते येतील तेव्हा त्यांच्या सामानातून आणू द्या. चार-पाच टीशर्ट ही कुणाची अडचण नसते. पंचवीस एकदम भरायला सांगू नका, तो विक्रीचा माल वाटतो आणि मावशीला विमानतळावर उत्तरं द्यावी लागतात.

कुरिअरनेच मागवायचं ठरवलंत तर ही कागदपत्रं तयार ठेवा:

पॅन किंवा आधार, किंवा पासपोर्टची प्रत, कारण कुरिअर कंपनी केवायसी मागतेच. पाकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव तंतोतंत सारखं हवं. खरेदीची पावती आणि पैसे दिल्याचा पुरावा. जाहिरातीच्या पानाचा स्क्रीनशॉट, कारण विक्री झाली की ते पान नाहीसं होऊ शकतं. आणि बँकेच्या ॲपमध्ये कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू केलेले, नाहीतर बोली जिंकूनही पैसे जात नाहीत.

विक्रेत्याला किंमत कमी लिहायला किंवा 'गिफ्ट' म्हणून पाठवायला सांगू नका. पकडलं गेलं तर माल जातो, आणि वाटेत हरवलं तर भरपाई त्या खोट्या किमतीचीच मिळते. कस्टम ड्युटी, त्यावर आयजीएसटी आणि वर कुरिअरचा हाताळणी खर्च, हे तिन्ही हिशेबात धरूनच बोली लावा. दर बदलत असतात, म्हणून मागवण्याआधी कस्टमच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्या.

८. घरी आल्यावर

आल्या आल्या मशीनमध्ये टाकू नका. आधी काखेजवळची ती चिमटीची चाचणी करा. ठीक असेल तर उलटा करून थंड पाण्यात, सौम्य साबणाने हाताने धुवा, पिळू नका, सावलीत आडवा वाळवा. छपाईवर इस्त्री कधीही नाही.

हँगरला लटकवलेल्या जुन्या टीशर्टचे खांदे ओघळतात, म्हणून घडी घालूनच ठेवा. प्लॅस्टिसोलची छपाई उन्हाळ्यात एकमेकींना चिकटते, म्हणून मध्ये बटर पेपर घाला. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करायचा मोह होतो, पण पावसाळ्यात आतल्या ओलीने बुरशी येते. जुन्या सुती उशीचे अभ्रे यासाठी उत्तम. भिंतीला चिकटलेल्या कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा टाळा. डांबराच्या गोळ्या टाकायची आपल्याकडे सवय आहे, पण त्यांची वाफ छपाईला बरी नव्हे आणि वास वर्षभर जात नाही. कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंड कापडाच्या पुरचुंडीत बांधून कप्प्याच्या कोपऱ्यात ठेवा, कपड्यांना न टेकता. गणपतीच्या सुमारास ऊन पडलं की सगळे बाहेर काढून घड्या बदला, नाहीतर त्याच घडीवर छपाई फुटते.

९. नोंद ठेवा, विकायचा विचार नसला तरी

प्रत्येक टीशर्टमागे एक ओळ: ब्रँड, तुमच्या अंदाजाने काळ आणि तो कशावरून धरलात, मापं, कुठून घेतला, किती पडला, कस्टम धरून. सोबत टॅग आणि शिलाईचे फोटो. पुढे कधी अदलाबदल करायची झाली तर समोरचा हेच फोटो मागणार आहे. आणि 'कशावरून' हा रकाना रिकामा राहिला तर त्या टीशर्टच्या पुढे वर्ष लिहू नका, नुसतं प्रश्नचिन्ह टाका. माझ्या यादीत अशी प्रश्नचिन्हं बरीच आहेत. त्यातला एक काळा स्टुसी मी सगळ्यात जास्त घालतो.